लांब फेक: हात आधी की काठी आधी? किनाऱ्यावरून गरवायला शिकणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या मढच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी गेलात, तर काठी आणि रील यांपैकी काहीही जवळ नसताना गरवणारे, म्हणजे गळाने मासे पकडणारे, एखादे वयस्कर काका हमखास दिसतात. पायाशी तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोरीची, नीट वेटोळी अंथरलेली असते, हातभर अंतरावर शिसे, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, लोंबत असते; ते दोन वेळा डोक्याभोवती फिरते, तिसऱ्या वेळी सुटते आणि तीस-पस्तीस मीटरवर पाण्यात शिरते. अशाच एका सकाळी त्याच खडकावर मी तेरा फुटांची, माझ्या जवळपास महिन्याच्या पगाराएवढी किंमत मोजून आणलेली कार्बनची काठी घेऊन उभा होतो आणि माझे शिसे त्या काकांच्या शिशापलीकडे जेमतेम दहा मीटर पडत होते. पुढे दोन महिन्यांनी, तीच काठी आणि तेच रील वापरून, मी ऐंशी मीटरपर्यंत पोचलो. मधल्या काळात मी फक्त तंगूस बदलला होता आणि फेकायला शिकलो होतो. त्या दोन महिन्यांत जे हाती लागले ते, नव्याने गरवायला लागलेल्यांना उपयोगी पडावे अशा क्रमाने, येथे मांडत आहे.

‘तंत्र मोठे की साधन मोठे’ हा वाद किनाऱ्यावर नेहमी ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाने मांडला जातो. साधनांमध्येही दोन जाती आहेत. तंगूस, लीडर, शिसे, आमिष अडकवण्याची चिमटी आणि रीलच्या स्पूलवर भरलेल्या दोरीची पातळी या स्वस्त गोष्टी नवख्याच्या फेकीत पहिल्या दिवसापासून फरक पाडतात. काठी आणि रील या महाग गोष्टी मात्र काठी पूर्ण वाकवता येईपर्यंत फारसे काही देत नाहीत. दुकानात गेल्यावर आपले लक्ष नेमके उलट्या क्रमाने जाते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हा क्रम मनात पक्का करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लांब फेकायची गरज आहे का, हे आधी पाहावे

लांब फेक हे मासा मिळवण्याचे एक साधन आहे आणि प्रत्येक जागी ते लागतेच असे नाही. जिताडा खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या कडेला, पुलाच्या खांबाजवळ, किनाऱ्यापासून पंधरा-वीस मीटरवरही असतो. तांब खडकाच्या कपारीत असते आणि खडकावर उभे राहून ऐंशी मीटर फेकणे म्हणजे तिला ओलांडून पुढे जाणे होय. पसरट वाळूच्या किनाऱ्यावर मात्र गोष्ट वेगळी. तेथे लाटा फुटतात त्या वाळूच्या उंचवट्यामागे एक चर असते, तिच्यात पाणी खोल असते आणि रावस, दाढा, शिंगाळा यांच्यासारखे मासे त्या चरीच्या वाटेने फिरतात. फेक त्या चरीपर्यंत पोचली नाही तर आमिष गुडघाभर पाण्यात पडून राहते. आपल्याला गाठायचे असते ते या चरीचे अंतर. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर येऊन ही चर उघड्या डोळ्यांनी पाहून ठेवावी, पावलांनी मोजून ठेवावी, आणि मग भरतीला कोठून किती फेकावे लागेल याचा हिशेब करावा.

मुंबईत हा हिशेब भरती-ओहोटीशिवाय पुरा होत नाही. येथे उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक वरखाली होते. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असा धरला, तर चार मीटर चढ-उतारात पाण्याची कड दोनशे मीटर सरकते. कोणत्याही काठीने मिळणार नाही एवढे अंतर फक्त योग्य वेळी किनाऱ्यावर हजर राहिल्याने मिळते. भरतीची वेळ काढण्याची आपल्याकडची जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी आणि रात्री त्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. ही ढोबळ रीत आहे आणि अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा जाण्याच्या दिवशी छापील कोष्टक पाहावेच. मला स्वतःला ओहोटी संपून पाणी भरू लागते ती पहिली दोन तासांची वेळ सर्वांत आवडते, कारण तेव्हा चर जवळ असते आणि मासा पाण्याबरोबर आत येत असतो. मात्र पाणी भरत असताना खडकावर किंवा वाळूच्या बेटावर पुढे उभे राहू नये; मागची वाट आपल्या नकळत पाण्याखाली जाते.

स्वस्त साधने, ज्यांवर आधी लक्ष द्यावे

पहिली गोष्ट तंगूस. शिसे हवेत उडत असताना आपल्यामागे सगळी दोरी ओढत नेते, आणि दोरी जितकी जाड तितका हवेचा विरोध अधिक. ०.४० मिलिमीटरच्या जागी ०.३० मिलिमीटर वापरल्यास दोरीची जाडी एक चतुर्थांशाने कमी होते. शिवाय जाड दोरी पाण्यात पडल्यावर भरतीच्या ओढीने धनुष्यासारखी वाकते आणि शिसे वाहून नेते, हा मुंबईच्या पाण्यातला दुसरा तोटा. नवख्या माणसाला मोठा मासा दोरी तोडील अशी भीती वाटते आणि तो जाड तंगूस भरतो, मीही ०.४५ चा भरला होता. मोकळ्या वाळूवर, जेथे खडक नाहीत, तेथे ०.३० ते ०.३५ पुरेसा असतो आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी थोडीथोडी सुटू देणारा रीलचा ब्रेक, नीट लावलेला असला तर मासा दोरी तोडत नाही. विणलेली दोरी, जिला सगळे ‘ब्रेड’ म्हणतात, तेवढ्याच ताकदीला पुष्कळ बारीक असते आणि लांब जाते, हे खरे. परंतु ती बोट कापते, वाऱ्यात गुंतते, खडकावर घासली तर लगेच तुटते, आणि नवख्याच्या हातून झालेला तिचा गुंता सुटत नाही. पहिले सहा महिने साधा तंगूसच वापरावा.

बारीक तंगुसाला जोरदार फेकीचा झटका सोसत नाही, म्हणून त्याच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडावा लागतो. यालाच शॉक लीडर म्हणतात. येथे काटकसर करू नये. लीडर तुटला की शंभर ग्रॅमचे शिसे बंदुकीच्या गोळीसारखे मोकळे सुटते, आणि ते कोणत्या दिशेला जाईल हे आपल्या हातात राहत नाही. जगभरचे गरवणारे एक सोपा नियम पाळतात: शिशाच्या दर २८ ग्रॅमला १० पाउंड ताकदीचा लीडर. म्हणजे ११२ ग्रॅमच्या शिशाला ४० पाउंड, १५० ग्रॅमच्या शिशाला ५५ ते ६० पाउंड. लांबी काठीच्या दुप्पट ठेवावी. तेरा फुटी काठीला हा हिशेब असा बसतो: शेंड्यापासून खाली लोंबणारा दीड मीटर, शेंड्यापासून रीलपर्यंत तीन मीटर, स्पूलवर सहा वेढ्यांचा सव्वा मीटर, आणि दर खेपेला घासलेला भाग कापून टाकण्यासाठी उरलेला दोन मीटर. तंगूस आणि लीडर जोडण्यासाठी दुहेरी युनी गाठ शिकावी, आवळण्याआधी ती थुंकीने ओली करावी, शेपट्या अगदी जवळ कापाव्यात, आणि स्पूलवर गुंडाळताना गाठ खालच्या, म्हणजे रीलच्या बाजूच्या कडेला येईल असे पाहावे. गाठ मध्ये किंवा ओठाजवळ, म्हणजे स्पूलच्या पुढच्या काठाजवळ, राहिली तर सुटणाऱ्या दोरीचे वेढे तिच्यात अडकतात.

तिसरी गोष्ट स्पूलची पातळी, आणि येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण ही गोष्ट गिरण्यांच्या शहरात वाढलेल्या माणसाला लगेच समजते. आज आपण वापरतो ते स्थिर स्पूलचे रील इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या कापड गिरण्यांच्या शहरातले आहे. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या तेथल्या कापड व्यावसायिकाने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. त्यामागचे तत्त्व गिरणीत रोज डोळ्यांसमोर असते: बॉबिन जागेवर स्थिर राहते आणि सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने सुटते. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. त्यांना मी पहिल्यांदा रील दाखवले तेव्हा त्यांनी स्पूलच्या काठावर अंगठा फिरवून, येथे सूत कमी भरले आहे, काठावर घासणार, असे सांगितले होते. ते अगदी बरोबर होते. दोरी स्पूलच्या ओठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली असावी. पाच-सहा मिलिमीटर खाली असली तर प्रत्येक वेढा ओठावर घासत सुटतो आणि फेक आखूड होते; काठोकाठ भरली तर वेढे एकदम सुटून गुंता होतो. तंगूस महाग वाटत असेल तर खाली जुना तंगूस भरून वर नवा भरावा. कोणत्याही रीलवर सर्वांत कमी खर्चात होणारी सुधारणा हीच आहे.

शिसे पाण्याच्या थेंबासारखे, पुढे जाड आणि मागे निमुळते, असे घ्यावे. चपट्या आणि चौकोनी शिशांची हवेत गिरकी होते. वजन काठीवर छापलेले असते. ‘८० ते १५० ग्रॅम’ असे लिहिले असेल तर शिसे आणि आमिष मिळून १०० ते १२० ग्रॅमपर्यंत जावे. फार हलके शिसे काठी वाकवत नाही आणि फार जड शिसे नवख्याला काठी वळवू देत नाही. आणि आमिषाकडे कोणी लक्षच देत नाही. दोन अख्खे बोंबील गळाला लोंबत असतील तर ते हवेत छत्रीसारखे फडफडतात आणि वीस मीटर तरी खातात. कोळंबी, बोंबलाची फोड किंवा बोयटाची लांबट पट्टी गळावर सरळ ताणून बसवावी, बारीक रबरी धाग्याने गुंडाळावी, आणि आमिष शिशाच्या मागे, त्याच्या आडोशाला धरून ठेवणारी छोटी चिमटी लीडरवर लावावी. शिसे पाण्यावर आपटले की चिमटी सुटते. या चिमटीने माझ्या फेकीत जेवढी भर पडली, तेवढी नंतरच्या दुसऱ्या काठीनेही पडली नाही.

काठी आणि रीलबद्दल थोडक्यात. वाळूवरून फेकण्यासाठी बारा ते तेरा फुटांची, मध्यम कडक काठी, आणि ५००० ते ८००० आकाराचे स्थिर स्पूलचे रील. गोल ढोलाचे रील लांब फेकते, पण त्याचा वेग अंगठ्याने आवरावा लागतो आणि तो आवरला नाही तर दोरीचे घरटे होते. ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे. कडक काठी अधिक लांब फेकते हा समज नवख्यांसाठी खोटा आहे. फेकीतील ताकद काठी वाकल्यावर तिच्यात साठते आणि सरळ होताना शिशाला मिळते. जी काठी तुमच्याने वाकत नाही, ती तुमच्यासाठी एक लांब दांडका आहे.

फेक, पायरीपायरीने

आता मुख्य विषय. खाली सांगितलेली फेक उजव्या हाताच्या माणसासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी करावी. डोक्यावरून सरळ फेकण्याऐवजी मी नवख्यांना वाळूवर शिसे ठेवून फेकायला सांगतो, कारण त्यात शिसे झुलत नाही आणि प्रत्येक फेक एकाच जागेपासून सुरू होते. तंत्र शिकण्यात अर्धे काम सारखेपणाचे असते.

आधी ड्रॅग पूर्ण आवळावा. तो ढिला राहिला तर फेकीच्या झटक्याला स्पूल फिरतो आणि तंगूस बोटावरून सरकून कातडे कापतो. शेंड्याला तंगूस गुंडाळला गेलेला नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. ही चूक अनुभवी माणसांच्या हातूनही होते आणि शेंडा मोडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. शिसे शेंड्यापासून सुमारे दीड मीटर खाली सोडावे. तर्जनीने तंगूस काठीला लावून धरावा, मग रीलची तारेची कडी उघडावी.

डावा खांदा समुद्राकडे करून उभे राहावे. पाय खांद्याएवढे फाकलेले, डावे पाऊल समुद्राच्या दिशेने, वजन उजव्या पायावर. मागे वळून पाहावे. पुन्हा एकदा पाहावे. नंतर काठी मागे नेऊन शेंडा वाळूच्या जवळ आणावा, शिसे त्याच्याही मागे वाळूवर ठेवावे आणि तंगूस ताठ करावा. तंगूस सैल राहिला तर फेकीचा पहिला भाग सैलपणा काढण्यातच जातो, आणि मग मध्येच झटका बसतो. उजवा हात रीलजवळ, कोपर वाकलेले, हात जवळजवळ छातीच्या उंचीवर. डावा हात बुंध्याच्या टोकाला, समोर आणि डोळ्यांच्या उंचीवर.

आता मान वर करून समुद्राच्या वर, क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या साधारण मध्यावरचा एखादा ढग पकडावा आणि नजर तेथेच ठेवावी. नवखा माणूस पाण्याकडे पाहतो, आणि शरीर नजरेमागे जाते. शिसे तीस मीटरवर पाण्यात घुसते.

सुरुवात सावकाश करावी. आधी कंबर आणि छाती समुद्राकडे वळते, वजन उजव्या पायावरून डाव्यावर येते, आणि हात अजून मागेच राहतात. काठी या वळण्यामागून ओढली जाते, भालाफेकीत भाला जातो तशी. या क्षणी घाई करणे ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ताकदवान माणसे ती अधिक करतात. क्रिकेट खेळलेल्यांना हे लवकर कळते, कारण सीमारेषेवरून लांब चेंडू फेकतानाही हात सर्वांत शेवटी येतो. उजवा हात चेहऱ्याजवळ आला की मगच सगळी ताकद वापरावी: डावा हात झटक्यात खाली, बरगड्यांकडे ओढायचा आणि त्याच वेळी उजवा हात वर आणि पुढे ढकलायचा. एक ओढतो, दुसरा ढकलतो, आणि काठी या दोहोंच्या मध्ये फिरते. बहुतेक नवखे फक्त उजव्या हाताने ढकलतात. निम्मी फेक डाव्या हातात आहे, हे मला स्वतःला समजायला तीन आठवडे लागले, आणि ज्या सकाळी समजले त्या सकाळी एका तासात माझी फेक पंधरा मीटरने वाढली.

उजवा हात पूर्ण लांब होताना तर्जनी सरळ करून तंगूस सोडावा. नंतर काठी खाली आपटू नये. शेंडा शिशाच्या दिशेने रोखून ठेवावा, म्हणजे तंगूस कड्यांमधून सरळ आणि कमीत कमी घासत जातो. शिसे पाण्याला लागण्याच्या क्षणी स्पूलवर बोट हलके टेकवावे, नाहीतर मागून येणारी दोरी पाण्यावर सैल पसरते. कडी हाताने बंद करावी, सैल तंगूस गोळा करावा, आणि मगच ड्रॅग माशासाठी ढिला करावा.

शिसे कोठे पडले, त्यावरून चूक ओळखणे

शिसे उंच जाऊन जवळ पडले तर तंगूस लवकर सुटला, किंवा डाव्या हाताने ओढलेच नाही. शिसे सपाट जाऊन पाण्यात धाडकन शिरले तर उशिरा सुटला. उजवीकडे गेले तर लवकर, डावीकडे गेले तर उशीर, कारण उजव्या हाताच्या माणसाच्या फेकीत शेंडा उजवीकडून डावीकडे येत असतो. शिसे हवेत डुलत गेले तर सुरुवातीलाच झटका बसला आहे. फेकीच्या मध्यात ‘टक’ असा आवाज येऊन शिसे एकटेच दूर गेले, तर कडी मध्येच मिटली किंवा लीडरची गाठ गेली. तेव्हा फेकणे थांबवून पहिले काही मीटर बोटांमधून फिरवून तपासावेत.

कोनाची आणि वेगाची किंमत समजून घेतली तर कोणती चूक आधी सुधारावी, हेही कळते. हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब केला, तर ४५ अंशांच्या कोनात शंभर मीटर जाण्यासाठी शिशाला सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेग लागतो. प्रत्यक्षात हवेमुळे याहून अधिक. कोन ४५ ऐवजी ३५ झाला तर या हिशेबात अंतर फक्त सहा टक्क्यांनी घटते, पण २० झाला तर एक तृतीयांशाहून अधिक जाते. वेग मात्र दहा टक्क्यांनी वाढला तर अंतर एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण अंतर वेगाच्या वर्गाने बदलते. याचा अर्थ असा की कोनातील थोड्या चुकीची फिकीर करू नये, मोठी चूक आधी काढावी, आणि मग सगळे लक्ष शेवटच्या क्षणीच्या वेगावर द्यावे. तो वेग दंडाच्या जोरापेक्षा ताकद उशिरा लावल्याने येतो.

सराव

सराव आणि गरवणे एकत्र करू नये. मासा ओढ देईल या आशेत माणूस फेकीकडे लक्ष देत नाही. गळ काढून ठेवावा, शिशाला लाल फीत बांधावी आणि पहाटे, ओहोटीला, जेथे वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो आणि माणसे नसतात अशा ठिकाणी जावे. मनोरी-गोराईच्या बाजूला आठवड्याच्या मधल्या दिवशी अशी जागा मिळते. जुहूला ती पहाटेही मिळत नाही, आणि मैदानात तर हा सराव कधीच करू नये. शंभर ग्रॅमचे शिसे ताशी ११० किलोमीटर वेगाने सुटते. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो आणि त्याच्यासमोर उभा राहणारा फलंदाज हेल्मेट घालतो, हे ध्यानात ठेवावे.

एका सकाळी तीस फेकींपेक्षा अधिक फेकू नयेत. पहिल्या दहा निम्म्या जोराने, फक्त वळणे आणि ओढणे नीट होण्यासाठी. पुढच्या पंधरा पाऊण जोराने. शेवटच्या पाच पूर्ण. वाळूवर पावलांनी मोजावे आणि वहीत लिहावे. पाण्यावर मोजायचे असेल तर रीलच्या मुठीच्या एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोरी येते हे एकदा जमिनीवर मोजून ठेवावे आणि परत गुंडाळताना फेरे मोजावेत. ९० सेंटिमीटरच्या रीलचे ८० फेरे म्हणजे जवळपास ७० मीटर, कारण स्पूल रिकामा असताना प्रत्येक फेऱ्यात थोडी कमी दोरी येते. दिवसातली सर्वांत लांब फेक लिहून आनंद मानू नये. पाच फेकी अंतराच्या क्रमाने लावून त्यांतली मधली लिहावी. माशाला रोज मिळते ती फेक तीच.

वाऱ्याची वेळही सरावात शिकावी. पावसाळा सोडला तर मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून हलके मतलई वारे असतात आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे जोराने येतात. पहाटेचा वारा पाठीशी असतो, तेव्हा शिसे थोडे उंच सोडावे. दुपारच्या वाऱ्यासमोर ते खाली, तीस अंशांच्या आसपास सोडावे आणि आमिष लहान करावे. पावसाळ्यात, दर्या खवळलेला असताना, खडकावर किंवा किनाऱ्याच्या कडेला फेकायला जाऊच नये. शेवाळलेल्या आणि कालवांनी भरलेल्या खडकावर घसरल्यास हातपाय चिरतात, आणि अक्सासारख्या किनाऱ्यावर कमरेभर पाण्यात उतरून चार मीटर पुढे जाण्याच्या मोहाने माणसे वाहून गेली आहेत. कार्बनची काठी वीज वाहून नेते. विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात ती उभी धरू नये.

नवी काठी केव्हा घ्यावी

वहीत चार आठवडे मधली फेक एकाच आकड्यावर अडकलेली असेल, तंगूस बारीक आणि स्पूल भरलेला असेल, चिमटी वापरत असाल, आणि पूर्ण जोरात फेकताना काठी बुंध्याजवळच्या भागापर्यंत वाकून मऊ पडल्यासारखी, उशिरा सरळ होत असल्यासारखी वाटत असेल, तर काठी तुम्हाला अपुरी पडू लागली आहे. ही चिन्हे नसतील तर नवी काठी घेऊन आकडा हलणार नाही. चिन्हे असतील तर किनाऱ्यावर ओळख झालेल्या एखाद्या गरवणाऱ्याची काठी सकाळपुरती मागावी. बहुतेक जण आनंदाने देतात. त्याच रीलने, त्याच तंगुसाने, त्याच शिशाने दोन्ही काठ्यांवर आळीपाळीने दहा-दहा फेकी कराव्यात, म्हणजे वारा आणि थकवा दोघींना सारखाच मिळतो, आणि दोन्हींच्या मधल्या फेकी वहीत शेजारीशेजारी लिहाव्यात. फरक पाच मीटरांहून कमी निघाला, तर त्या पैशांत पुढील हंगामाचा तंगूस, लीडर आणि शिसे येतात. फरक दहा-पंधरा मीटरांचा निघाला, तर ती काठी कोणत्या मापाची आणि किती ग्रॅमची आहे हे तिच्या बुंध्यावरून उतरवून घ्यावे आणि दुकानात तेच माप मागावे.